हँगर दाखवत नसतील तर चेकबुक काढू नका: फ्लाइंग स्कूल शोधणाऱ्या एका फिटरचा रिव्ह्यू

विमानातलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करतो. वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणाऱ्या एका कंपनीत २९ वर्षं मेंटेनन्सला आहे. आयटीआय, फिटर ट्रेड. जन्मात दोनदा विमानात बसलोय आणि दोन्ही वेळेला खिडकी दुसऱ्याच्या नशिबात होती. तरी लिहायला बसलो, कारण सईसाठी फ्लाइंग स्कूल शोधताना जे जे वाचलं ते एक तर शाळांनीच लिहिलेलं होतं, नाही तर शाळांकडून कमिशन खाणाऱ्यांनी. घर गहाण टाकून पोरीला पाठवणाऱ्या बापानं लिहिलेलं काही सापडलं नाही.

नावं लिहिणार नाही. एका ठिकाणी माझे पैसे अडकलेत आणि दुसऱ्या ठिकाणी मुलगी शिकतेय. दोन्हीकडे जिभेला लगाम हवा.

सईचं वेड जुनं. तिची आत्या कोपरखैरण्याला राहते. पूर्वेकडून मुंबईला उतरणारी विमानं त्यांच्या बिल्डिंगवरून एका रेषेत जातात. मे महिन्याच्या सुट्टीत बाकीची भावंडं पत्ते कुटायची आणि ही गच्चीवर वही घेऊन विमानं मोजायची. मला वाटलं, सुटेल. सुटलं नाही. बारावीच्या निकालानंतर मेहुणा म्हणाला, "दाजी, पोरीला इंजिनियर करा, या विमानाचं काही खरं नाही." मी बोलायच्या आत सईच्या आईनंच त्याला सुनावलं, "सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली सगळ्या बायकांचा क्रू घेऊन विमान नेलं, तेव्हा तू चड्डीत होतास." मेहुणा गप्प झाला. तिला हे साल कुठून माहीत, हे मी अजून विचारलेलं नाही.

आम्ही एक गोष्ट नशिबानं बरोबर केली. कुठेही रुपया भरण्याआधी मेडिकल करून घेतलं. आधी क्लास टू, मग त्याहून कडक असलेलं क्लास वन. सईला चष्मा आहे, त्याची मला धास्ती होती. पण चष्मा चालतो, चष्मा लावून नजर ठरलेल्या मापात आली म्हणजे झालं. तिच्या क्लासमधल्या एका मुलानं मात्र आधी फी भरली आणि नंतर त्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यातला आकडा त्याला दिसेना. त्या पोराचा चेहरा आठवला की अजून कसंतरी होतं. तेव्हा हा क्रम उलटा करू नका.

ग्राउंड क्लास, म्हणजे लायसन्सच्या लेखी पेपरांची शिकवणी, ठाण्यातच लावला. राम मारुती रोडच्या एका गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली साड्यांचं दुकान. सर हवाई दलातून निवृत्त झालेले. पाटी एवढीशी, फळा मात्र भिंतभर. तिथं मला आवडलेली गोष्ट सांगतो. नॅव्हिगेशनला मुलांना हातात एक गोल चकती देतात, ती फिरवून वेग, वेळ, इंधन, वारा सगळं काढायचं. सई घरी घेऊन आली आणि मी बघतच राहिलो. अहो, ही तर स्लाइड रूल! आमच्या जुन्या फोरमनच्या खिशात सरळ पट्टीची असायची, ही नुसती गोल केलेली. पहिले दोन रविवार मीच तिच्याबरोबर गणितं सोडवली. तिसऱ्या रविवारी तिनं माझं उत्तर चुकीचं काढून दाखवलं आणि माझी शिकवणी बंद झाली.

पास व्हायला प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात. मीटिअरॉलॉजी (म्हणजे हवामान) आणि रेग्युलेशन्स पहिल्या फटक्यात निघाले, नॅव्हिगेशन ६६ वर अडकलं. सरांनी पुढची बॅच फुकट बसू दिली. या क्लासला माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो जिन्यावरच्या अंधारासाठी. आमची मात्र करमणूक झाली. आता सई गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा सांगते, "बाबा, आज हेझ आहे, तीन किलोमीटरच्या पुढं दिसत नाहीये." पूर्वी आम्ही त्याला नुसतं 'ठाण्याची हवा' म्हणायचो.

खरं प्रकरण पुढं आहे.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आठवड्याभरात आमच्या भागातल्या प्रत्येक करिअरवाल्याच्या जाहिरातीत तो विमानतळ घुसला. असाच एक काउन्सेलर, वाशीला, स्टेशनजवळच्या मोठ्या बिल्डिंगमध्ये. काचेचा दरवाजा, आत एसी इतका की सईच्या आईनं पदर अंगाभोवती घेतला. टेबलावर विमानाचं मॉडेल, भिंतीवर पट्ट्या लावलेल्या पोरांचे फोटो. काउन्सेलर पंचविशीचा, कोट घातलेला. मला 'अंकल' आणि सईला 'कॅप्टन' म्हणत होता. हिच्याकडे तेव्हा ॲक्टिव्हाचंसुद्धा कच्चं लायसन्स होतं.

"अंकल, एअरपोर्ट आता तुमच्या घराजवळ. कॅप्टन घरून ड्युटीला जाणार, डबा घेऊन."

आधी त्यानं दक्षिण आफ्रिका काढली. दहा महिन्यांत लायसन्स, म्हणे. मी विचारलं, तिकडचं लायसन्स इकडे जसंच्या तसं चालतं का? मग हळूच कळलं की बाहेरून आलं तरी इथले डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवरच्या सरकारी नियामकाचे, पेपर द्यावेच लागतात आणि लायसन्स बदलून घ्यावं लागतं, त्याला किती महिने जातील हे त्याच्या दहा महिन्यांत धरलेलं नव्हतं. मग देशातली शाळा काढली. लायसन्सला २०० तास उडालेलं लागतं, त्यावर तो म्हणाला, 'बारा महिन्यांत २०० तास, गॅरंटीड. डीजीसीएची ए कॅटेगरी.'

ए म्हटल्यावर मला वाटलं पहिला नंबर. ट्रेनमध्ये सईनं फोनवर शोधून दाखवलं. डीजीसीएनं सप्टेंबर २०२५ अखेर पहिल्यांदाच फ्लाइंग स्कूलची क्रमवारी लावली, त्यात पायऱ्या अशा: ए डबल प्लस, ए प्लस, मग ए, मग बी, मग सी. म्हणजे ए ही तिसरी पायरी! आणि पहिल्या यादीत वरच्या दोन पायऱ्यांवर देशातली एकही शाळा बसलेली नव्हती. काउन्सेलर खोटं बोलला नाही, फक्त जिना अर्धाच दाखवला. (ही यादी जरूर बघा. फक्त अक्षर बघून थांबू नका.)

पण ट्रेनमध्ये बसायच्या आधी मी २५,००० रुपये भरून बसलो होतो. 'सीट लॉक' करायला. 'अंकल, तीनच सीट उरल्यात, आज रात्री बारापर्यंतच ही फी.' कंपनीत सप्लायर असं बोलला तर मी त्याला गेटबाहेर काढतो. पोरीच्या डोळ्यांत बघितलं आणि अक्कल गहाण पडली. पावतीच्या मागं बारीक अक्षरात 'नॉन रिफंडेबल'.

नोव्हेंबरात ती ए वाली शाळा बघायला गेलो. रात्रभराची गाडी, पहाटे रिक्षा, सकाळी साडेनऊला गेटवर. आकाश स्वच्छ, वारा नाही. गेटसमोर चहाची टपरी. आम्ही चहा घेतला आणि मी सवयीनं माणसं मोजली. गणवेशातली बावीस पोरं. कुणी मोबाइलवर, कुणी बाकावर आडवं. साडेनऊला, इतक्या चांगल्या हवेत. आमच्या शॉप फ्लोअरला शिफ्ट चालू असताना बावीस कामगार टपरीवर दिसले तर मला कुणी सांगावं लागत नाही, लाइन बंद आहे.

त्यातला एक पोरगा डोंबिवलीचा निघाला. मराठी ऐकून जवळ आला, "काका, ॲडमिशनला?" म्हणाला. मी त्याला दुसरा चहा पाजला आणि विचारलं, "तुझं लॉगबुक बघू का रे?" त्यानं इकडेतिकडे बघून बॅगेतून काढलं. चौदा महिने झालेले, तास ७१.

आत गेल्यावर ऑफिस छान. सिम्युलेटर दाखवला, हॉस्टेल दाखवलं, जिम दाखवली. मी म्हटलं, हँगर बघायचा आहे, विमानं ठेवतात आणि दुरुस्त करतात ती शेड. "सेफ्टी एरिया आहे सर, पेरेंट्स अलाउड नाहीत." बरं. एअरसाइडला, म्हणजे विमानं फिरतात त्या भागात, कुणालाही सोडत नाहीत हे मलाही कळतं. पण मग कुणाला तरी बरोबर द्या, लांबून दाखवा. तेही नाही. मी निघताना कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेलो. हँगरच्या मागं विमानं उभी होती. एकाला प्रोपेलर नाही. एकाचं इंजिनवरचं झाकण काढलेलं आणि आत कबुतरं. आणि तीन विमानांच्या टायरभोवती गुडघ्याएवढं गवत. गवताला खोटं बोलता येत नाही. ती विमानं पावसाळ्याच्या आधीपासून तिथून हललेली नव्हती.

प्रोपेलर कुठं गेला हे मला विचारायची गरज पडली नाही. याचं काढून त्याला लावायचं, हे मी स्वतः पंपांवर तीस वर्षं करत आलोय. स्पेअर बाहेरदेशातून येणार, पैसे अडकलेले, मग एक मशीन बळी द्यायचं आणि बाकीची चालवायची. नियमात बसवून, कागद करून विमानातही असं करता येतं म्हणतात. पण असं मशीन ब्रोशरमधल्या 'आमचा ताफा ११ विमानांचा' या आकड्यात मोजायचं नसतं.

परतीच्या गाडीत, वरच्या बर्थवर, मी पेपरच्या कडेला हिशेब केला. तो इथं देतो, कारण मला तरी यापेक्षा उपयोगाचं काही सापडलं नाही.

अकरातली उडणारी विमानं पाच. एक विमान दिवसाला चार तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १०० तास उडेल असं धरू, हे मी सढळ हातानं धरतोय. पावसाळ्याचे तीन महिने सोडून द्या. शिकाऊ मुलांना डोळ्यांनी बघून उडायचं असतं, त्याला साधारण पाच किलोमीटर तरी दिसावं लागतं, ढग वर असावे लागतात. जुलैत आपल्याकडे काय दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. तर पाच विमानं, १०० तास, नऊ महिने. वर्षाला ४,५०० तास. मुलं साठ. एकाच्या वाट्याला वर्षाला ७५ तास. २०० तासांना झाली दोन वर्षं आणि आठ महिने. डोंबिवलीच्या पोराचं लॉगबुक यापेक्षाही मागं होतं.

आणि हे नुसतं उशिराचं दुखणं नाही. कमर्शियल लायसन्सच्या २०० तासांत १०० तास स्वतः कमांडर म्हणून हवेत, त्यात २० तास लांबच्या प्रवासाचे, एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. रात्रीचे पाच तास, त्यात दहा उड्डाणं, दहा लँडिंग. शिवाय अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तास उडालेले असले पाहिजेत. विमान नाही म्हणून पोरगं चार महिने बसलं की हात जातो, मग जुनं पुन्हा करायचं, त्याचे तास वेगळे, पैसे वेगळे. मेसचं बिल चालूच. बँकेचं व्याज तर झोपतही नाही.

तेव्हा प्रश्न असा विचारा: 'आज सकाळी किती विमानं उडाली आणि आज किती मुलं हॉस्टेलवर आहेत?' 'तुमच्याकडे विमानं किती?' हा प्रश्न विचारून मी एकदा फसलो.

दुसरी शाळा आम्हाला क्लासच्या सरांनी सुचवली. 'कोटेशन महाग आहे, पण बघून या' एवढंच म्हणाले. पहिलीचं ५२ लाख होतं, हिचं साडेअठ्ठावन्न. १८५ तास एका इंजिनाच्या विमानावर आणि १५ तास दोन इंजिनांच्या, दोन्हीकडे सारखंच. फोनवर मुदत विचारली तर बाई म्हणाल्या, "अठरा महिने धरून चला. पावसावर आहे." बाराच्या जागी अठरा ऐकून सईचं तोंड पडलं. मला उलट बरं वाटलं. डिलिव्हरीची तारीख लांबची सांगणारा सप्लायर बऱ्याचदा माल देतो.

इथं टपरीवर तिघंच होते आणि त्यातला एक सुट्टीवरचा स्वयंपाकी. हँगर म्हटल्यावर ऑफिसच्या बाईंनी आत फोन लावला, अंगावर घालायला पिवळं जॅकेट दिलं, मोबाइल बंद करायला लावला आणि सोडलं. हँगरचे मुख्य इंजिनियर मूळचे मिरजेचे निघाले. मी म्हटलं, "साहेब, मी पंपावरचा फिटर आहे. मला चालू विमानं नकोत, बंद पडलेली दाखवा." ते हसले. "पहिला बाप बघतोय असं विचारणारा."

दाखवली. आठ विमानं, सहा उडत होती. सातवं १०० तासांच्या तपासणीला उघडलेलं, आठवं परदेशातून मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) यायची वाट बघत. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर प्रत्येक विमानाचा व्हीटीनं सुरू होणारा नंबर, पुढच्या तपासणीला किती तास उरले, ऑर्डर कधी गेली, माल कधी अपेक्षित. दर ५० तासांना ऑइल बदल, १०० तासांना मोठी तपासणी, त्यांच्या सेसना विमानांच्या लायकमिंग इंजिनाचं ओव्हरहॉल साधारण २,००० तासांना. हे सगळं त्यांनी मला असं सांगितलं जसं दोन मेंटेनन्सवाले लग्नात भेटल्यावर बोलतात. सई आणि तिची आई कंटाळून बाहेर जाऊन बसल्या.

मला खरं पटलं ते हत्यारांच्या बोर्डावर. प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू ड्रायव्हर, त्याच्यामागं त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. एक जागा रिकामी होती, तिथं पितळेचा बिल्ला लटकवलेला, नंबरासह. म्हणजे तो पाना आत्ता कुणाच्या हातात आहे हे लांबून कळतं. संध्याकाळी जागा रिकामी राहिली तर पाना सापडेपर्यंत ते विमान बाहेर जात नाही, कारण तो कदाचित इंजिनातच राहिलेला असतो. आमच्या कंपनीत हा बोर्ड आहे, ऑडिटच्या दिवशी भरलेला असतो. इथं आम्ही न सांगता गेलो होतो.

बाहेर एक मुलगी, सईपेक्षा थोडी मोठी, विमानाभोवती फिरून तपासत होती. पंखाखालून छोट्या पारदर्शक नळीत इंधन काढलं, उजेडात धरलं. निळसर. पाणी असेल तर खाली वेगळं बसतं, तिनं सईला दाखवलं. या विमानांचं पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं, दुसरं काही भरलं गेलं तर डोळ्याला कळावं म्हणून. तिनं घाई केली नाही, तिचा इन्स्ट्रक्टरही बाजूला हाताची घडी घालून उभा राहिला, घड्याळ बघितलं नाही. ते बघून मी मनात पैसे भरले.

माझा हिशेब इथंही लावला. सहा विमानं, १०० तास, नऊ महिने, ५,४०० तास. मुलं चाळीस. वाट्याला १३५. दीड वर्ष. फोनवरच्या बाईंचा आकडा आणि माझा आकडा जुळला. साडेसहा लाख जास्त देऊन मी चौदा महिने विकत घेतले, असं मी मेहुण्याला समजावलं. त्याला पटलं नाही, पण तो आयुर्विम्यात आहे.

आता पैशाचं. ७.५ लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. नौपाड्यातल्या आमच्या शाखेत साहेबांनी सगळे कागद बघून चष्मा काढला आणि म्हणाले, "फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर आहे की दोघांच्या?" खारेगावचा वन बीएचके, २००९ साली घेतलेला, हप्ते दोन वर्षांपूर्वीच फिटलेले. सईची आई सही करताना काही बोलली नाही. घरी येऊन देवापाशी दिवा लावला आणि कुकर चढवला.

करारात मी तीन गोष्टींवर अडून बसलो. एकरकमी फी भरणार नाही, दर ४० तासांना एक हप्ता. म्हणजे उडेल तेवढंच देणार. ते तयार झाले, पहिल्या शाळेनं ८० टक्के आधी मागितले होते. दुसरं, इंधन महागलं तर वाढ किती आणि कशावर, हे लिहून द्या. तिसरं घड्याळाचं, आणि हे फार कुणी विचारत नाही. तास मोजायचा कुठला? चाकामागचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंत, की चाक जमिनीवरून सुटल्यापासून? विमानात मीटरही दोन प्रकारचे असतात. एक सरळ घड्याळासारखा पळतो, दुसरा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, म्हणजे इंजिन मंद फिरत असताना तो सावकाश सरकतो. धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत पंधरा मिनिटं उभं राहिलात तर ती कुणाच्या खात्यात, हे आधी ठरवा. यांनी ठोकळ्यांपासूनचं धरलं, पण लॉगबुकातही तेच लिहितात, तेव्हा तक्रार नाही.

जानेवारीत सई गेली. आता जून लागलाय. पाच महिन्यांत ६४ तास. माझ्या हिशेबानं ७५ व्हायला हवे होते. अकरा कमी पडले, कारण एप्रिलात एक विमान ओव्हरहॉलला गेलं आणि मेच्या दुपारी तापलेल्या हवेत विमान इतकं उडतं-आपटतं की नवशिक्यांना सकाळी दहाच्या पुढं सोडत नाहीत. दोन्ही गोष्टी त्यांनी आधी मेल करून कळवल्या. गैरसोयीचा मेल स्वतःहून पाठवणारी संस्था मी पहिल्यांदाच बघितली.

पहिला सोलो फेब्रुवारीत झाला. सकाळी सव्वाआठला फोन, मी ठाणे स्टेशनच्या पुलावर, गर्दीत. "बाबा, एकटी जाऊन आले." मला पुढं काही सुचेना. म्हटलं, "विमान कसं होतं?" मूर्ख प्रश्न. पण तिनं मनापासून उत्तर दिलं. म्हणाली, सर बाजूला नव्हते ना, त्यांचे ऐंशी किलो कमी, विमान एकदम उचललं, मी घाबरलेच. मागून पोरं ओरडत होती, रिवाजाप्रमाणे बादली ओतली होती अंगावर. पुलावर कुणीतरी मला मागून ढकललं, "काका, चला ना पुढं."

तक्रारी आहेतच. गणवेशाचे १८,००० घेतले, त्या कापडाचा शर्ट जांभळी नाक्यावर सहाशेत मिळतो. हॉस्टेलचं वायफाय गुरुवारी उपवास करतं. मेसची आमटी अशी की सई फोनवर आईकडून फोडणीची कृती विचारून तिथल्या स्वयंपाक्याला सांगते. पाच इन्स्ट्रक्टरांपैकी एक मार्चमध्ये एअरलाइनला गेला, त्याच्या जागी माणूस यायला पाच आठवडे लागले. त्या काळात सई दोनदा वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली तेच लँडिंग शिकली आणि दोघांनी दोन वेगळ्या वेळी नाक उचलायला सांगितलं. हे बरं नाही, आणि मी त्यांना तसं लिहून कळवलंय. उत्तर आलं, पण गोल गोल.

तर पाचपैकी चार स्टार. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात तास किती भरले ते बघून बदलीन. डोंबिवलीचा पोरगा अधूनमधून मेसेज करतो, त्याचे ८९ झालेत.

वाशीवाल्यांना २५,००० साठी चार मेल, दोन फेऱ्या झाल्या. मागच्या मंगळवारी त्यांचाच फोन आला. मला वाटलं, रिफंड.

"अंकल, गुड न्यूज. कॅप्टनची सीट आम्ही अजून होल्ड करून ठेवलीय."